सुप्याचा माळ, दोन म्हातारे आणि नकाशातली कोरी जागा

शुक्रवार : पर्वती ते सुपे

पुणेकराला जंगल म्हटलं की ताम्हिणी आठवते, भीमाशंकर आठवतं. सासवड-जेजुरीच्या पलीकडचा कोरडा माळ त्याच्या लेखी नुसती मोकळी जागा. सरकारी कागदांतही बराच काळ तो ‘पडीक’च राहिला. पण लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा यांचं घर याच माळावर आहे, आणि पायाखालची माती बघून ते घर ओळखणारी माणसं आता थोडी उरली आहेत. अशा दोन म्हाताऱ्यांबरोबर आणि त्यांच्याकडून शिकणाऱ्या दोन तरुणांबरोबर हे दिवस काढले. गाडी मी चालवत होते. बाकी माझं काम ऐकण्याचं.

निघालो ते आप्पांना घेऊन. आप्पा माझे काका, वय ब्याऐंशी, मुक्काम पर्वतीच्या पायथ्याशी. पेशव्यांचा शिकारखाना याच भागात होता. वाघ, चित्ते, गेंडा अशी जनावरं तिथे ठेवलेली असत, आणि गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. आप्पांना हे सगळं तोंडपाठ. त्यांची स्वतःची शिकार मात्र पुरंदर तालुक्यातली: पाटलाचं घर, परवान्याची दुनळी बंदूक, दिवाळीनंतरचे हाके (ओरडून जनावर बंदुकीपुढे हाकणं), रात्रीचं दबा धरून बसणं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ते ऐन तिशीच्या उंबरठ्यावर होते. बंदूक ठेवून दिली, माळावर जाणं चालू ठेवलं. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी बंदुकीबरोबर माळही सोडला.

मागच्या सीटवर भाची. प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली, आता चिंकारा कुठे वावरतो याच्या नोंदी घेते. आप्पांना आग्रह करून तिनेच बाहेर काढलं. “आप्पाआजोबा, तुम्ही नुसतं चाला, मी विचारत जाईन,” एवढाच तिचा करार.

दिवे घाट चढून वर आलो आणि हवा बदलली. जेजुरीत गड चढलो नाही, खालूनच हात जोडले. खंडोबा शिकारीचं निमित्त काढून गडावरून निघतो आणि धनगरांच्या बाणाईपाशी रमतो, ही कथा इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. त्याच्या पायाशी कुत्रा, खाली माळ, माळावर मेंढरं आणि मेंढरांच्या मागावर लांडगा. या मुलखाच्या देवालाच शिकारीची वाट माहीत आहे, असं आप्पा म्हणाले आणि पुढे मोरगावपर्यंत बोलले नाहीत.

सुप्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गावाबाहेर एका पत्र्याच्या घरापुढे बाबा बसलेले. बाबा फासेपारधी, पंचाहत्तरीचे असावेत. आप्पांच्या हाक्यांत बाबांचे वडील पुढे चालत. माग काढायचे ते, जनावर उठवायचे ते, आणि फोटो निघायचा बंदूकवाल्याचा. आप्पांनी हे स्वतःच सांगितलं, बाबांच्या समोर, खाटेवर बसता बसता. बाबा म्हणाले, “पाटील, तवा फोटू कुनाला पायजे हुता. मटणाचा वाटा मिळायचा.”

चहा झाला, शेकोटी पेटली. बाबांचा नातू विशीतला, वनखात्याच्या गवताळ सफारीत वाटाड्याचं काम करतो. त्याने फासे आणून दाखवले. वापरातले नव्हेत, पणजोबांची आठवण म्हणून ठेवलेले: एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर सरकफास, दोन्ही टोकांना खुंट्या. काळवीट-चिंकाऱ्यासाठी दोर जाड, तितरासाठी बारीक. बाबांनी एक फास बोटावर ओढून दाखवला. नुसत्या वजनाने तो आवळत नाही, जनावराने पाय ओढला की आवळतो.

“गाभण मादी सापडली तर?” भाचीने विचारलं.

“सोडायची. पाडस बी सोडायचं. न्हाय सोडलं तर पुढल्या सालाला काय खायाचं?”

हा रिवाज नुसता आठवणीतला नाही. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींवर जे काम केलं, त्यातही फासेपारधी गाभण माद्या आणि पाडसं सोडून देतात अशी नोंद आहे. आणि याच लोकांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का अजून पुसलेला नाही. राजाने मारला तो पराक्रम आणि पारध्याने पोटासाठी धरला ती चोरी, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. त्या अंगणात बसल्यावर तर आणखीच नाही.

शनिवार : अभयारण्य आणि कुंपणाबाहेर

सकाळी मयूरेश्वर अभयारण्य. मोरगावच्या गणपतीवरून नाव पडलं. १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांपैकी हे एक. फाटकापाशी नोंद केली आणि नातवाबरोबर आत गेलो. चिंकारे दिसले, माना वर करून उभे, मग एकदम उड्या. पाहून मन भरलं, पण खरा माळ कुंपणाला जुमानत नाही. दोन तासांत बाहेर पडलो आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याला सांगून त्याच्या पडीत उतरलो. या सहलीतलं सगळं मोलाचं शिक्षण तिथे झालं.

कुसळी गवत पिवळं पडलं होतं, मधे मारवेलीचे पट्टे, बांधाला हिवर आणि बोर. बैलगाडीच्या चाकोरीत पिठासारखी माती. त्या मातीत ठसे. भाचीने पट्टी काढली, फोटो घेतला: चार बोटं, नखं उमटलेली, लांबट पंजा. मधली दोन बोटं पुढे आणि एकमेकांना लागून. ठसे एका सरळ रेषेत, मागचा पाय पुढच्याच ठशात. कुत्रा असा चालत नाही, तो भरकटतो. लांडगाच.

“रात्रीचा,” आप्पा म्हणाले.

बाबा उकिडवे बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाचीला म्हणाले, “पोरी, हिकडं ये. सूर्य तुझ्या म्होरं घे, पाठीवर न्हाय.” ती फिरून पलीकडे बसली. समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हात ठशाच्या कडा सावलीने उठून आल्या. मग त्यांनी काडीने ठशाच्या बाजूची माती दाखवली. गवताच्या पात्यांवरून दव टपकून तिथे बारीक बारीक खळगे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. चाकोरीत सगळीकडे होते. ठशाच्या आत मात्र एकही नव्हता.

“दव गळून गेल्यावर पाय पडलाय. आत खळगं असतं तर रातचा म्हनलो असतो. ह्यो आज उजाडताना गेलाय.”

पुढच्याच ठशावरून एका किड्याची बारीक नक्षी गेली होती. आप्पांनी ती दाखवून शंका काढली की रात्री फिरणारा किडा ठशावरून गेला, म्हणजे ठसा त्याच्या आधीचा. बाबांनी वाकून नीट बघितलं आणि त्या रेषेवर बोट ठेवलं. नक्षी ठशाच्या कडेपाशी तुटत होती, ठशाच्या तळात ती नव्हतीच. पलीकडच्या कडेपासून ती पुन्हा सुरू होत होती. पंजा नक्षीवर पडला होता. आप्पांनी मान डोलावली. “तुझ्या बापाने मला हे पन्नासदा दाखवलं असेल,” ते म्हणाले, “मी तेव्हा बंदुकीकडे बघत होतो.” भाची वहीत लिहीत होती. हे तिला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

आप्पांकडे शिकवायला वेगळं होतं, बसण्याचं. दुपारनंतर पाणवठ्याजवळ त्यांनी दोघा तरुणांना बांधाच्या आडोशाला बसवलं. चिमूटभर माती सोडून वारा बघितला, जागा बदलली, पुन्हा सोडली. दिवस तापला की उताराने वारा वर चढतो आणि ऊन उतरलं की उलटा खाली येतो, म्हणून दुपारची जागा संध्याकाळी चालत नाही, हे ते कुजबुजत सांगत होते. कपड्यांची चिंता फार करू नका, हात हलवू नका. नजर एका ठिकाणी रोखू नका, ढिली सोडा, म्हणजे कडेची हालचाल आधी कळते. नातू म्हणाला की सफारीच्या पाहुण्यांना त्याला हेच समजवायचं असतं, पण शब्द सापडत नव्हते.

मग तितराचा किस्सा. बाबा तोंडाने तितर काढतात. हुबेहूब हा शब्द इथे थिटा पडतो. मी हौसेने म्हटलं, एकदा बोलवा की. बाबांनी ओठ जुळवलेही, पण नातवाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आजा, नको. नर उगाच झुंजायला येईल, घरटं उघडं पडेल.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आवाज दिला की नर येतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. फाशांची युक्तीच त्यावर उभी होती. आपल्या जागेत दुसरा नर आला असं वाटून तो हाकलायला धावतो. पण फास नसताना बोलावलं तरी पाखराची शक्ती आणि वेळ वाया जातो, हा विचार नातवाचा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्या पाहुण्यांना तो रोज अडवतो. कायदाही त्याला कलमासकट माहीत आहे. शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं, फासात धरणं, हाकणं, आमिष लावणं, अंडी-घरट्यांना धक्का लावणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. लांडग्यामागे जीप पळवणाऱ्या फोटोवाल्यांना तो हेच ऐकवतो. बाबा एवढंच म्हणाले, “बरं. न्हाय बोलवत.” आणि तिथेच बसून त्यांनी नातवाला ओठ कसे धरायचे ते शिकवलं, आवाज न काढता. विद्या द्यायची पण चालवायची नाही, हे कसं करायचं याचं उत्तर त्या दोघांनी आपापसांत शोधलं. मला ते फार आवडलं.

रात्री भाचीने फोनवर नकाशा उघडला. चिंकाऱ्याच्या लेंड्या, ठसे, प्रत्यक्ष दिसलेले कळप, सगळ्यांचे ठिपके. बाबांना अक्षर वाचता येत नाही आणि आधी तो नकाशा त्यांना लागेना. तेव्हा तिने फोन जमिनीवर ठेवला आणि समोरच्या टेकडीच्या रोखाने फिरवला. “ही टेकडी, हा ओढा, हे आपण बसलोय ते.” क्षणात त्यांना सगळं कळलं. बोट ओढ्याकाठाने सरकत गेलं, ठिपक्यांवरून, मग एका पांढऱ्या मोकळ्या पट्ट्यावर येऊन थांबलं.

“हितं न्हाईत व्हय?”

“नोंद नाही, बाबा.”

“तू गेलीस का हितं?”

ती गेली नव्हती. तो भाग तारेच्या कुंपणापलीकडे, उसाच्या आणि नव्या प्लॉटिंगच्या मधे अडकलेला. गाडीरस्ता नाही, म्हणून राहून गेलेला. नकाशावर कोरं दिसलं की जनावर नाही असं वाचणारा वाचतो. कोरं म्हणजे माणूस गेलं नाही, असंही असू शकतं. हे आपल्याला वर्गात शिकवलं होतं, ती मला नंतर म्हणाली. पण बोट ठेवून जागा दाखवणारा कुणी तिथे नव्हता.

रविवार : कोऱ्या जागेत

उजाडायच्या आधी निघालो. आप्पांचे गुडघे दुखत होते, तरी आले. ओढ्यातून चढलो तर समतल चर खणलेले आणि त्यांच्या काठाने गिरिपुष्पाची रोपं. गवताळ माळावर झाडं लावली म्हणजे निसर्ग सुधारतो, हा समज या मुलखाला फार महागात पडतो आहे. चिंकाऱ्याला लांबवर दिसणारा उघडा माळ लागतो. धोका आधी दिसावा आणि मग पळावं, ही त्याची रीत. चरावरून पाडसाला उडी मारता येत नाही, हे बाबांनी पायाने अंतर मोजून दाखवलं.

पट्ट्याच्या मधोमध एका सपाट कातळाशेजारी ढीग सापडला. चिंकारा त्याच त्याच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे तिथे थर साचतात. खालच्या पांढुरक्या, चुरा झालेल्या, मधल्या करड्या, वरच्या काळ्या, चकाकत्या, एका टोकाला निमुळत्या. बाबांनी एक फोडली. आत हिरवट ओल. भोवतीच्या मातीत लहान टोकदार खुरांची गर्दी, मोठी आणि त्यांच्या निम्म्याने छोटी. पाडस होतं. भाचीने ठिपका टाकला आणि वहीत नवा रकाना आखला: ‘गेलो, काही आढळलं नाही’. न सापडल्याचीही तारीख-वार नोंद हवी, म्हणजे कोरी जागा आणि रिकामी जागा वेगळी राहील. आधीच्या सगळ्या फेऱ्या त्या हिशेबाने पुन्हा तपासायच्या, असं तिने तिथेच ठरवलं.

तारेच्या कुंपणाजवळ, मालकाच्या परवानगीने लावलेला तिचा कॅमेरा होता. जनावराच्या अंगाची ऊब हलली की तो आपोआप फोटो घेतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर, सूर्याकडे तोंड येणार नाही असा बसवायचा. कार्ड काढून दोन्ही म्हाताऱ्यांना हिवराच्या सावलीत बसवून एकेक फोटो दाखवला. ससा. खोकड. मुंगूस. मग लांडगा, डावा कान फाटलेला.

बाबांचं ठाम मत होतं की या माळावरचे लांडगे वेगळे आणि ओढ्यापलीकडचे वेगळे, दोन कळप. माग तसाच सांगत होता, दोन्हीकडे वेगळ्या वाटा. भाचीने पलीकडच्या माळावरचा जुना फोटो काढला. तोच फाटका कान. बाबांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “त्योच हाय,” म्हणाले. “मग वाट मधी तुटती कुठं?” ठसे कातळावर तुटतात, कॅमेऱ्यात तुटत नाहीत. दोन कळप म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं जे मानलं ते एकच कुटुंब निघालं, आणि त्यांना त्याचा राग नव्हता, कुतूहल होतं. परत येताना ते सारखे ओढ्याकडे बघत होते. नातवाला म्हणाले, कातळाच्या खालच्या अंगाला माती हाय, तितं बघू.

लांडग्याच्या बिळाबद्दल तिथे आणखी बोलणं झालं. जागा मी लिहीत नाही. पिल्लं असताना बिळाकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही, यावर चौघांचं एकमत. आप्पा आणि बाबा म्हणतात लांडगी पिल्लं हलवते. तरुण म्हणतात, ठिकाण एकदा फोनवर गेलं की दुसऱ्या दिवशी गाड्या येतात.

दुपारी दुष्काळाची गोष्ट निघाली. कायदा आला ते १९७२ चं साल या भागाच्या स्मरणात दुष्काळाचं साल आहे. बाबा तेव्हा खडी फोडायला जात, सुकडी खात. फास सुटला तो कायद्याने की माळावर काही उरलंच नव्हतं म्हणून, असं मी विचारलं. “पोलिसाच्या भ्यानं,” बाबा म्हणाले. बाकी कुणी काही जोडलं नाही.

सोमवार : कडबनवाडी, वडापुरी, परत

नातवाची सकाळची सफारी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला होती, तिथे आम्हीही गेलो. गवत छान राखलेलं, चिंकारे मोकळे. फार लिहिण्यासारखं काही नाही. शांतपणे बघावं असं आहे.

येताना वडापुरीवरून आलो. तिरमल नंदीवाल्यांचं हे गाव. शुक्रवारी ज्या मल्होत्रा-गाडगीळांचा उल्लेख केला त्यांच्या अभ्यासात याच मुलखातल्या तीन जमाती आहेत: फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू. एकाच माळावर तिघांची शिकार वेगळी. पारधी फाशांनी काळवीट आणि पक्षी धरत, नंदीवाले कुत्र्यांसह रानडुक्कर, सायाळ, घोरपड मारत, वैदू सापळ्यांनी मुंगूस-रानमांजरासारखी लहान मांसाहारी जनावरं धरत. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नसे. भाचीने हे गाडीत मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “बरुबर लिवलंय.” मग थोड्या वेळाने, “पन कुनाचं नाव लिवलंय का, ज्यानं सांगितलं त्याचं?”

हाच खरा प्रश्न. माग काढणाऱ्याला ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून एका ओळीत गुंडाळण्याची पद्धत हाक्यांच्या काळापासून चालत आली आहे. बंदुकीच्या जागी लॅपटॉप आला एवढाच फरक. संशोधकाला मानधन असेल तर माग काढणाऱ्यालाही त्याच तोलाचं हवं, आणि अहवालावर नाव हवं. आप्पांनी याला सगळ्यात जोरात दुजोरा दिला. त्यांना कारण माहीत आहे.

भिगवणला थांबून मासे खाल्ले. उजनीच्या फुगवट्यावर पट्टकादंब हंस आले होते. आप्पांनी बोटीत बसायला नकार दिला, काठावरूनच बघितले. भाचीने तिथेच बसून प्रकल्पाच्या खर्चाचा कागद पुन्हा लिहिला. बाबांची आणि नातवाची रोजंदारी तिच्या सहाय्यकाच्या बरोबरीने. बाबांनी आकडा ऐकला, नातवाला दोनदा विचारून घेतला, आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली; घराचा पत्रा बदलायचा आहे. ती हो म्हणाली. ओढ्यातल्या कातळाखालची माती पुढच्या अमावास्येच्या आत बघायची, आणि दुसरा कॅमेरा कुठे लावायचा ते बाबा ठरवतील, असं ठरलं. त्यांना सुप्याला सोडून रात्री हडपसरच्या गर्दीत शिरलो.